झेंडूच्या माळेची दोरी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलताना पाठ ताठ करायची काही गरज नाही. तरी हे लिहायला बसले आणि आपोआप खुर्चीत सरळ झाले. मी कोण, असं तुम्ही चष्मा खाली सरकवून विचाराल. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत तुमच्या एनसीसी ट्रूपमधली, "डावा पाय कुठला तेही आठवत नाही का ग तुला?" असं सगळ्या परेडसमोर जिला विचारलंत, ती. आता कॅनडात, कॅल्गरीत राहते, एका ऑफिसात तेलाच्या पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासते, आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा रायफल हातात घेतली आहे. हसू नका. निशाणा अजून बरा आहे. डावा पाय मात्र अजूनही चुकतो.

रायफल घेतली ती मुलापायी. युनिव्हर्सिटी मध्येच सोडून तो घरी आला आणि बेसमेंटमध्ये उतरला, तो तिथलाच होऊन गेला. जेवायला वर यायचा, "आय ॲम फाइन, मॉम" म्हणायचा आणि परत खाली. त्याच्या वडिलांनी समजावून पाहिलं, मग ओरडून पाहिलं. मी रडूनही पाहिलं. भिंतीवर डोकं आपटलं असतं तरी आवाज झाला असता, इथे तोही नाही. एकदा जेवताना बोलण्याच्या ओघात मी म्हणाले, की शाळेत असताना मी पॉइंट टू टू रायफल चालवायचे. त्याने कित्येक महिन्यांनी ताटातून मान वर केली. "यू? विथ अ गन?" मला इतका आनंद झाला की मी पोळी वाढायची सोडून जमिनीवर पालथी पडून पोझिशन करून दाखवली. नवरा म्हणाला, "आता उठायला क्रेन बोलवू का?" मुलगा हसला. त्या हसण्यावर मी आणि मुलाने कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि तेव्हापासून दर शनिवारी सकाळी गाडी काढून डोंगरांच्या दिशेने जातो. तिकडे सरकारी मोकळी जमीन आहे, जंगलाच्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला खडीची एक जुनी खाण आहे, मागे मातीची उंच भिंत. तिथे नेम धरायला बंदी नाही. शहरात इनडोअर रेंज आहे, पण तिथे कानांवर मफ्स आणि दोघांच्या मध्ये पार्टिशन. मला नेमापेक्षा गाडीतला जाता-येताचा वेळ हवा असतो. त्या वेळात तो बोलतो. पुढे रस्त्याकडे बघत, माझ्याकडे न बघता, पण बोलतो.

आणि त्या खाणीची काय दशा आहे म्हणून सांगू! काडतुसांच्या लाल, पिवळ्या प्लॅस्टिकच्या पुंगळ्यांचा सडा पडलेला असतो. नेमासाठी हवेत उडवायच्या मातीच्या तबकड्यांचे तुकडे, गोळ्यांनी चाळण झालेला टीव्ही, कुणाची तरी वॉशिंग मशीन, बियरचे कॅन, काचा. लोक घरातला मोडका पसारा गाडीत घालून आणतात, त्याच्यावर गोळ्या झाडतात, आणि मजा संपली की जागच्या जागी सोडून घरी जातात. पहिल्या शनिवारी मी तिथे उभी राहून शुद्ध मराठीत शिव्या घातल्या. मुलगा म्हणाला, "मॉम, नोबडी कॅन हिअर यू." मी म्हटलं, मला ऐकू येतं ना, बास. मग गाडीतून गार्बेज बॅग्ज काढल्या. "बट इट्स नॉट अवर्स," तो म्हणाला. तुम्ही असतात तर त्याच्याकडे नुसतं पाहिलं असतंत. मी तसंच पाहायचा प्रयत्न केला. जमलं असावं, कारण तो वाकला. सगळेच तसे नसतात हेही सांगते. एक ट्रकवाला दरवेळी दंताळं घेऊन येतो आणि स्वतःच्या जागेबरोबर शेजारचीही झाडून जातो. पण दहा माणसं झाडून गेली तरी एकाने टाकलेला टीव्हीच आधी डोळ्यांत भरतो.

वाकून पुंगळ्या वेचताना मला दर वेळी पोलिसांची चांदमारी आठवते. बडनेऱ्याच्या वाटेवरचं ते कोरडं मैदान, खाकी कपड्यांत घामाने भिजलेल्या आम्ही, आणि साडी सोडून पँट घातलेल्या तुम्ही; त्या पँटवरून गावात बरंच बोललं गेलं होतं. फायरिंग संपलं, पुंगळ्या मोजल्या, एक कमी. हवालदार म्हणाला, "जाने दो मॅडम, घास में गिर गया होगा." तुम्ही गवतात शिरलात. गुडघ्यांवर बसलात आणि केसांतून उवा काढाव्यात तशा बोटांनी गवत विंचरू लागलात. मग आम्हीही बसलो. ऊन कलायला लागलं, एकीच्या आईने रिक्षा पाठवली होती ती परत गेली. शेवटी ती पुंगळी माझ्या शेजारी झोपून फायर करणाऱ्या मुलीच्या दुमडलेल्या बाहीत निघाली. तुम्ही तिला रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "जागा आपली नाही. जशी दिली तशी परत करायची." आणि मग रोजच्यासारखं एकेकीला दोन्ही तळहात पुढे करायला लावून म्हणवून घेतलंत: माझ्याकडे जिवंत काडतूस नाही, रिकामी पुंगळी नाही. बसमध्ये तुम्ही आम्हा सगळ्यांना तुमच्या डब्यातले मेथीचे ठेपले दिलेत. स्वतःला उरला नाही हे मला उतरताना कळलं.

ते तळहात मी इथेही चालू केले. निघायच्या आधी मुलगा गाडीपाशी उभा राहतो, हात पुढे करतो आणि त्याच्या वाकड्यातिकड्या मराठीत म्हणतो, "माझ्याकडे रिकामी पुंगळी नाही, बाई." बाई म्हणजे कोण हे मी त्याला सांगितलं आहे. तो मला चिडवायला म्हणतो, पण एकदाही चुकवत नाही.

गेल्या वर्षी नवरात्रात मला तुमची खंडेनवमी आठवली. परेडच्या लाकडी रायफली व्हरांड्यात ओळीने मांडून तुम्ही त्यांना हळदकुंकू वाहायचात, झेंडूचा हार घालायचात, आणि शेजारी स्वतःची शिट्टी ठेवायचात. इथे सगळे सण शनिवारीच येतात, तशी खंडेनवमीही शनिवारी आली. खाणीत गाडीचं मागचं दार उघडून डिकीत रुमाल अंथरला, रायफल रिकामी करून ठेवली, इंडियन ग्रोसरीतून आणलेली झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मुलाने न सांगता बूट काढले. त्या थंडीत, खडीवर. मग प्रश्न आला निर्माल्याचा. बाई, घरी तीन रंगांचे तीन बिन आहेत, काळा, निळा आणि खताचा हिरवा, पण देवाला वाहिलेलं फूल त्यांतल्या हिरव्यातसुद्धा टाकायला माझा हात धजत नाही. खाणीच्या मागे एक ओढा आहे. तिथे स्प्रूसच्या झाडाखाली मी माळ, नारळाच्या शेंड्या, कुंकवाची पुडी असं सगळं नीट, नमस्कार करून ठेवलं. परत येताना वाटेतल्या तीन पुंगळ्या उचलल्या आणि पुन्हा एकदा त्या लोकांना शिव्या घातल्या.

आता जुलै आहे. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही खाणीत होतो तेव्हा एक जुना पिकअप ट्रक येऊन थांबला. आतून एक म्हातारा उतरला, डोक्याला टोपी, गुडघ्यात वाकलेला. ती जमीन सरकारची असली तरी उन्हाळ्यात तिथे गुरं चारायचा हक्क त्याचा आहे. त्याने आमच्या भरलेल्या बॅग्ज पाहिल्या आणि आवाज जरा मऊ केला. म्हणाला, तुम्ही चांगली माणसं दिसता, पण मी जमिनीच्या सरकारी ऑफिसला लिहिलं आहे, ही जागा शूटिंगसाठी बंद करा म्हणून. "आय हॅव हॅड इट." खाण बंद म्हणजे शनिवार बंद, आणि शनिवार बंद म्हणजे पुन्हा ते बेसमेंटचं दार. मी वकिलासारखी बोलायला लागले. सगळे सारखे नसतात, आम्ही दर वेळी साफ करतो, पाटी लावा, दंड करा, पण बंद करू नका. तो ऐकत होता. मग ट्रकमध्ये हात घालून त्याने डॅशबोर्डवरून काहीतरी काढलं. "धिस वॉज ऑन माय काफ." वासराच्या खुराच्या वर गुंडाळलं गेलं होतं, घट्ट होत होत मांसात रुतलं होतं, पाय सुजून टम्म झाला तेव्हा त्याला दिसलं. चाकूने कापून काढावं लागलं. "सम काइंड ऑफ ख्रिसमस स्टफ," तो म्हणाला. "हू डझ ख्रिसमस आउट हिअर?"

नायलॉनची दोरी होती, बाई. मध्ये मध्ये सोनेरी जरीचे झुपके. एका झुपक्याला झेंडूचा वाळका देठ अजून चिकटलेला.

मला तुमचा हात दिसला. पूजा झाली की तुम्ही हाराची गाठ सोडायचात, दोरा एका ओढीत काढून बोटाला गुंडाळायचात, पर्समध्ये टाकायचात आणि फुलं तेवढी शाळेतल्या झाडांच्या आळ्यात घालायचात. मी किती वेळा पाहिलं होतं ते. मला वाटायचं, बाई काटकसरी आहेत.

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याने माळ ओळखली होती, त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं, पण तो गप्प राहिला. मला वाचवायला गप्प राहिला, की मी काय करते ते बघायला, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही. मी म्हटलं, "सर, दॅट्स माइन." आणि मग इतकं बोलले की थांबताच येईना. खंडेनवमी, शस्त्रं, फुलं, ते टाकून देता येत नाही म्हणून झाडाखाली ठेवलं, कचरा म्हणून नव्हे, देवाचं म्हणून. इंग्रजीत ते सगळं किती वेडगळ वाटत होतं! म्हाताऱ्याने दोरी बोटांत फिरवून पाहिली. मग म्हणाला, त्याची आई दर वसंतात पाद्रीला बोलावून ट्रॅक्टरवर पाणी शिंपडून घ्यायची. "बट शी टुक द बकेट होम." त्यात टोमणा नव्हता. वासरू कसं आहे, असं मुलाने विचारलं. चालतंय म्हणाला, थोडं लंगडतं, पण चालतंय. जाताना त्याने ती दोरी माझ्या हातावर ठेवली.

परतीच्या गाडीत मुलाने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. मग एकदम म्हणाला, "आई, मला वाटलं तू नाही सांगणार." मराठीत म्हणाला. मी म्हटलं, का रे? तो म्हणाला, "आय वुडन्ट हॅव." आणि मग, काही न विचारता, युनिव्हर्सिटी सोडली त्या दिवसांबद्दल सांगायला लागला. नापास झाला होता. दोन्ही टर्म. आम्हाला इतके दिवस सांगितलं नव्हतं. "मला सांगायला भीती वाटत होती," तो म्हणाला. मी गाडी बाजूला घेतली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. समोर रस्त्याकडे बघत राहिले, तो बघतो तशी. डोळे पुसायला एक हात लागत होता तेवढाच स्टिअरिंगवरून काढला.

परवा खाणीच्या तोंडाशी पाटी लागली. शूटिंग बंद. म्हाताऱ्यावर माझा राग नाही, त्याच्या जागी मी असते तर याच्या आधीच लिहिलं असतं. तिथे टीव्ही टाकून जाणाऱ्यांवर मात्र अजून आहे, तो काही जायचा नाही. आज शनिवार. रायफल कपाटात कुलुपात आहे. मला वाटलं होतं, आज तो उठणारच नाही. पण मघाशी खालून आवाज आला, "आई, ग्लव्ह्ज कुठेत?" ओढ्याकाठी अजून बरंच पडलं आहे म्हणे, आणि वासरू बघायचं आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. म्हणून एक गोष्ट सांगून टाकते, जी तुमच्यासमोर उभी राहून सांगता आली नसती. त्या दिवशी मी खरं बोलले ते तुमच्या शिकवणीमुळे नव्हे. मुलगा बघत होता म्हणून. एकटी असते तर मूग गिळून गप्प बसले असते, घरी आले असते, आणि टीव्हीवाल्यांना शिव्या घातल्या असत्या. ती दोरी इथे, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. कचऱ्यात टाकवत नाही, पाण्यात सोडायची हिंमत नाही. मघाशी ती काढून तुमच्यासारखी बोटाला गुंडाळून पाहिली. मुलगा जिना चढून वर येतोय. संध्याकाळी गाडीपाशी तो दोन्ही हात पुढे करेल, आणि मग माझी पाळी येईल. जिवंत काडतूस नाही, रिकामी पुंगळी नाही. पण माझ्याकडे एक दोरी आहे, बाई.