स्लॅबखालची भाकरी

९ जानेवारी
खानावळवाल्यांची मीटिंग होती. ह्ये जाऊन आले, तोंड उतरलेलं. म्हनले, "एप्रिलपासून कार्बन टॅक्स हाय. लाकूड-कोळसा जाळनाऱ्याला. तपासायला मानसं येनार, धूर दिसला की सील." तिथंच एक जन करंटच्या शेगड्या विकून राहिला होता म्हने. मी सातवी शिकलेली, कार्बन काय मला कळत न्हाई. सील कळतं. हदगाव सोडून लातूरला आलो ते ह्या खानावळीच्या भरोशावर. ती गेली तर लेकरू घेऊन जायचं कुठं.

१३ जानेवारी
भोगी. आमच्याकडं भाकरी थापायला येनाऱ्या काशीमावशीनं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. मागं अंगनात पत्र्याखाली तिची चूल, बाळ तिच्या मांडीशी, खोकत. कोचिंगची पोरं चुलीपाशीच येऊन बसली. मी मावशीला टॅक्सचं सांगितलं. म्हनाली, "धुरावर बी टॅक्स? उद्या पादल्यावर लावतील." पोरं लोळून हसली. मला हसू न्हाई आलं. मीच ह्यांच्या मागं लागले, शेगड्या घेऊन टाका म्हनून.

२ फेब्रुवारी
गल्लीत आमीच पहिले तयार. चूल मोडली. शेगड्या आतल्या खोलीत, मीटर तिथंच म्हनून. वर तीन मजले होस्टेल.
मावशी उंबऱ्यातच उभी. "बाई, भूकंपापासून मी स्लॅबखाली बसले न्हाई. झोपते बी पत्र्यात."
मी म्हनले, "मावशी, त्याला जमाना झाला."
बसली शेवटी. दाराकडं तोंड करून.

५ फेब्रुवारी
भाकरी फुगत न्हाई. निखाऱ्याची आरच न्हाई तर फुगंल कशी. हिमायतनगरचं पोरगं म्हनतंय, "काकू, भाकरी हाय का पापड?" दुसरं म्हनलं, "खा गपचूप, दात मजबूत होतात." मावशी एक थापती, एकदा वर बघती.
पन बाळाचा खोकला थांबला. हे बी खरं हाय म्हनून लिहिते. धुराचाच होता.

११ फेब्रुवारी

दुपारी पोरं जेवायला बसलेली. शेजारी कोचिंगची नवी बिल्डिंग चालू हाय, पाया खांदायचं मशीन आलं. जमीन हादरली, ताटं वाजली. मावशीनं झोळीतून बाळाला उचललं आन् सुटली पळत. सरळ रस्त्यावर. समोरून ऑटो. त्यानं कचकन ब्रेक मारला म्हनून.
मी हिसकून घेतलं बाळाला. आन् बोलले. समद्या पोरांसमोर. "येडी झालीस का म्हातारे? मारतीस का माझ्या लेकराला? पुन्हा हात लावू नको त्याला."
मावशीनं पिठाचे हात पदराला पुसले आन् गेली. बाळाच्या झबल्यावर पिठाची बोटं तशीच.

१२ फेब्रुवारी
आली न्हाई.
ह्यांनी दुपारची ताटं उचलली. मग म्हनले, "भूकंपात तिनं असंच पाळन्यातलं पोरगं उचललं आन् बाहेर पळाली. मागं घर बसलं. म्हनून तिचा दत्ता जित्ता हाय."
"मला कामून न्हाई सांगितलं?"
"तू कवा इचारलं?"
म्हनजे तिनं एकदा जे बरोबर केलं तेच पुन्हा केलं. आन् मी येडी म्हनले.

२० फेब्रुवारी
मावशी दत्ताकडं गेली, अहमदपूरला. फोन केला तर दत्ता म्हनला, "आई झोपलीय." भर दुपारी.
बाळ माझ्या हातानं भात खाईना. मान फिरवून दाराकडं बघतंय. भाकरी मीच करून राहिले, काठ फाटतात. पोरं काय म्हनत न्हाईत आता. त्यांनी बोललेलं बरं.

६ मार्च
ह्ये कचेरीत जाऊन इचारून आले. टॅक्स मोठ्या कारखान्यांचा हाय. खानावळीला न्हाई. पुढं कधी लागला तर आधी नोटीस येनार.
म्हनजे कोनीच येनार नव्हतं.
शेजारच्या खानावळीत चूल पेटलेलीच हाय. तिथली वहिनी भित्तीवरून म्हनली, "लई घाई झालती ना गं तुला?"
मी ह्यांना म्हनले, चूल परत मांडू. ह्ये म्हनले, "आन् बाळाचा खोकला?" 

७ मार्च
भांडी घासता घासता बघितलं. आतून वायर वढून शेगडी पत्र्याखाली नेता आली असती. धूर न्हाई, स्लॅब बी न्हाई. एवढं साधं. भेलेल्या मानसाला साधं काय दिसत न्हाई.

१० मार्च
वायरमन येऊन गेला. शेगडी बाहेर पत्र्याखाली. मावशीची जागा झाडून ठेवली.

१५ मार्च
एसटीनं अहमदपूरला गेले, बाळाला घेऊन. मावशी लिंबाखाली सुपात दाळ निवडत बसलेली. "ये" म्हनली. पानी दिलं. बाळ तिला बघून खिदळलं, दोनी हात पुढं केले. ती सुपातले खडे काढत राहिली.
म्हनले, "मावशी, घ्या की."
"नको बाई. तुझं लेकरू तुझ्यापाशी बरं."
मीच तिच्या मांडीवर बसवलं. बाळानं तिचं बोट धरलं. तिनं सोडवलं न्हाई. दुसरा हात सुपावरच.
मी बोलत सुटले. शेगडी बाहेर हाय, वायर नवी वढली, वर नुस्ता पत्रा, टॅक्सचं समदं खोटंच होतं. किती बोलले.
तिनं ऐकून घेतलं. म्हनली, "शेगडीचं कळलं. आनखी काय?"
'चुकलं माझं' तोंडापर्यंत आलतं.
दत्ता रस्त्यावरून वरडला, "वहिनी, लातूर गाडी लागली."
मी बाळाला उचललं.