अकरा दिवसांचे जेवण पत्नीच्या नावावरून काढण्याबाबत

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
अन्नातील रसायने मोजणी विभाग,
तिसरा मजला.

विषय: दिवंगत पत्नीच्या नोंदीतील अकरा दिवस माझ्या नावावर करण्याबाबत.
संदर्भ: आपले पत्र, कुटुंब क्र. २१८.

महोदय,

१. अन्नातून माणसाच्या पोटात कोणती रसायने किती जातात, याचा अंदाज काढण्यासाठी आपण आमच्या घरी डबे दिले होते. पाहणीच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी व पत्नी जेवढे खाऊ, तेवढेच आणखी वाढून तपासणीसाठी आपापल्या डब्यात भरून देत होतो.

२. पत्नी गेल्यावर सव्वा महिन्याने आपले पत्र आले. तिच्या पोटात गेलेली रसायने मर्यादेत आहेत, काळजीचे कारण नाही, असे त्यात लिहिले आहे. आभारी आहे.

३. मात्र ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. शेवटचे अकरा दिवस तिने काहीच खाल्लेले नाही. आज खाईल या आशेने मी ताट वाढायचो आणि तेवढेच तिच्या डब्यात भरायचो. ती म्हणायची, "मला नको, तुम्हीच खा. टाकू नका." मग माझे झाल्यावर तिचेही मीच संपवायचो. भरलेला डबा रिकामा करायला हात धजावला नाही. मी वजनकाटे दुरुस्त करतो. खोटे माप माझ्या हातून आजवर गेलेले नाही. तरी ते अकरा दिवस माझ्या नावावर करावेत. त्यामुळे माझा आकडा मर्यादेबाहेर गेला तरी हरकत नाही.

४. याबाबत आपल्या खिडकीवर चौकशी केली. तेथील कारकून म्हणाले, "आजोबा, पाहणीत दिवस रिकामा ठेवता येत नाही. त्यांच्या वयाच्या बायका सरासरी जे खातात, ते तिथे भरलं जाईल." त्यांनी तक्ताही दाखवला. सकाळी दूध व पाव, दुपारी भात, भाजी आणि एक अख्खे फळ. एवढे तर ती धडधाकट असतानाही खात नव्हती.

५. नियमच असेल तर माझे काही म्हणणे नाही. सरासरी भरावी. फक्त भरून झाल्यावर त्या अकरा दिवसांच्या अकरा पानांची एक प्रत मला मिळावी. मला तिला एक घासही भरवता आला नाही. आपल्या कागदावर तरी ती जेवलेली मला पाहायची आहे.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
(सही)
कुटुंब क्र. २१८, व्यक्ती पहिली
दिनांक: १४ मार्च

सोबत: १) आपल्या पत्राची प्रत. २) मृत्यूचा दाखला.