ऐकणाऱ्याने शेवट करायचा नाही

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कमरेचं हाड जुळतंय पण डॉक्टर अजून उठू देत नाहीत, आणि तुझ्या खिडकीतून शेजाऱ्याच्या भिंतीखेरीज काही दिसत नाही, हे वाचलं. भिंतीचा रंग तरी बरा आहे का? येईनच मी. दुकानातला कामाचा रेटा जरा ओसरू दे. दिवसभर लोकांच्या कानात यंत्रं बसवतो आणि ऐकू येतंय का म्हणून विचारतो. निम्म्यांना आधीही येत होतं, फक्त बायकोचं येत नव्हतं.

परतताना गाडीत मात्र मला न विचारताच सगळं ऐकू येतं. तू घालून दिलेला नियम अजून पाळतो. वडिलांच्या स्टेशनमागच्या घरात असताना थांबलेल्या गाडीच्या खिडकीतलं बोलणं एकाने ऐकायचं आणि पुढची गोष्ट दुसऱ्याने सांगायची. ऐकणाऱ्याने शेवट करायचा नाही.

तर घे. काल समोर दोन बायका होत्या. एक सांगत होती, की नवऱ्याचं आणि दिराचं कित्येक वर्षं बोलणं नाही. आता घर बदलायचंय, तर सासूबाईंचं लाकडी कपाट दारातून बाहेरच निघेना. ते कसं सुटं होतं हे फक्त दिराला ठाऊक. नवरा म्हणतो, भिंत फोडीन पण त्याला बोलावणार नाही. दुसरीने विचारलं, की भिंत तरी तुमची आहे का, भाड्याचीच ना. तेवढ्यात माझं स्टेशन आलं. उतरलो.

पुढचं तू बघ. सूनबाईंना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा


ता. १३ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भिंतीचा रंग पिवळा आहे. पालीला आवडलेला दिसतो.

कपाटाचं असं झालं. वहिनीने नवऱ्याला न सांगता दिराला बोलावलं. तो आला, पेचकस मागितला, एक अक्षर न बोलता कपाट सुटं केलं. मग सगळ्या फळ्या घरभर पसरलेल्या, उठायला वाट नाही, म्हणून दोघे भाऊ फळ्यांच्या मधेच बसून चहा प्यायले. नंतर लक्षात आलं, की नव्या घरात जोडायलाही तोच लागणार. नवरा म्हणाला, आता काय रोजच येणार का हा. पण म्हणताना त्याने दुसरा कप भावापुढे सरकवला.

चिरंजीव कामात असतात. सूनबाई बिचारी माझं सगळं करते आणि हल्ली फार कमी बोलते. घरात इतकं शांत असतं, की तुझं पत्र उघडलं की खोलीत माणसं येऊन बसल्यासारखं वाटतं. अजून पाठव. रेटा ओसरला की कळव.

तुझी ताई


ता. २२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवट झकास. पण एक विचारू? तुझ्या प्रत्येक गोष्टीत अखेर कुणीतरी येतंच. जरा कुणाला वाटेत अडकव की! खऱ्या आयुष्यात माणसं इतकी येत नसतात.

आज नाक्यावर एक गृहस्थ फोनवर ओरडून सांगत होता, की निघालोय, वाटेतच आहे, हा काय पोचलोच. आणि बसला होता न्हाव्याच्या दुकानात, गळ्याभोवती टॉवेल, अर्धी दाढी साबणात. न्हावी त्याला म्हणाला, की साहेब, गाल हलवू नका, खोटं बोलताना वस्तरा लागतो. सगळे हसले. त्यानेही हसून पलीकडच्या माणसाला पुन्हा सांगितलं, की आलोच.

पलीकडे कोण होतं, तू सांग. रेटा अजून आहे. पुढल्या महिन्यात नक्की.

तुझा धाकटा


ता. १ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पलीकडे जी होती, तिला मागून वस्तऱ्याची खरखर ऐकू येत होती. ती म्हणाली, सावकाश ये. आणि ताट झाकून ठेवलं.

आता या खेपेला मी ऐकलंय. गाडीत नाही, माझ्या दाराबाहेर. चिरंजीव बायकोला सांगत होते, की बदलीचा हुकूम आलाय. तिकडचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईला कसं चढवायचं. एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, सोय चांगली आहे, बागही आहे. सूनबाई रडत म्हणाली, की बाग काय पलंगावरून बघायची? एकदा मामांना तरी विचारा. तो म्हणाला, मामांना काय विचारायचं? ते छान पत्रं लिहितात.

मग कुणीतरी नळ सोडला आणि पुढचं ऐकू आलं नाही.

मला कुणाचाच राग नाही. चौथा मजला म्हणजे चौथा मजला. पण ऐकणाऱ्याने शेवट करायचा नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे.

तुझी ताई


ता. ६ जुलै, गाडीत

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवट करायला बसलो आणि कागदावर जमेना, म्हणून दुकानाला कुलूप लावून गाडीत बसलो. तर शेवट असा: मामा आला.

आता पुढचं ऐक. माझं घर तळमजल्यावर, दाराला पायरीसुद्धा नाही. पुढच्या खोलीतली यंत्रांची खोकी काढून पलंग टाकलाय. त्या खिडकीला लागूनच बसचा थांबा आहे. दिवसभर माणसं तिथे भांडतात, रुसतात, एकमेकांची उणीदुणी काढतात आणि ऐन रंगात बस येते. यापुढे ऐकायचं तू. शेवट मी करीन. माझ्या गोष्टींत कोण येत नाही तेच बघ.

इथे गाडीत शेजारी दोघी म्हाताऱ्या आहेत. कुठे चाललात म्हणून विचारलं, तर मी सगळं सांगून टाकलं. एक म्हणाली, बहीण यायची नाही, मुलाला लोक नावं ठेवतील म्हणेल. दुसरी म्हणाली, तुला काय माहीत, तिने मनातल्या मनात पिशवी भरून ठेवली असेल. पहिली म्हणाली, लाव पैज. दोघी हमरीतुमरीवर आल्यात आणि तुझं स्टेशन दिसायला लागलंय.

हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच देईन. तू वाचशील तेव्हा मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर त्या पिवळ्या भिंतीकडे बघत बसलेला असेन.

ऐकणारा या खेपेला मी होतो, ताई. शेवट तू करायचा.

तुझा धाकटा