प्रार्थनेच्या वेळी गैरहजर

ता. १९, शनिवार दुपार

प्रिय गुंड्या,

तुला प्रभूची शांती असो. आम्ही सगळी ठीक आहोत, तू वेळेवर जेवतोस ना, वगैरे नेहमीचं लिहिलं असं समज. तुझ्या दाजींचा गुडघा कुरकुरतोय आणि त्याहून जास्त ते स्वतः कुरकुरतायत. धाकटीचे पुढचे दोन दात पडले. बोळकं मामाला दाखवायचंय म्हणून फोटोसाठी माझ्या मागे लागलीय. तुझी खोली कशी आहे? ऊन येतं का? तू कळवलं नाहीस, पण मी तरी कुठे विचारलं? तेव्हा कोणत्या तोंडाने रागावू?

जिन्याला नवा रंग दिलाय. पिवळा. डोळे दुखतात बघून. तोच जिना चढून वर गेलं की आपल्या शिवणमावशी... जाऊ दे, आडवळणं घेत बसत नाही. मावशींचा डावा पाय गेला रे. घोट्याच्या वरून कापावा लागला. जन्मभर पायाच्या मशीनवर पोट भरलेल्या बाईचा पाय. ती मशीन आता भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितलीय त्यांनी.

ती साखरेच्या दुखण्यातली, न भरणारी जखम. तुझ्याइतकी तिची ओळख कुणाला असणार!

तू निघालास त्या सकाळी दारात म्हणाला होतास, "ताई, मावशी झोपल्यात. मी जातोय म्हणून सांग, आणि रोज वर जाऊन त्यांच्याकडे बघ." मी काय म्हटलं? "मला नको शिकवूस. आमचं महिला मंडळ जातं." जायचंच ना! दर रविवारी भक्ती आटोपली की सूपचा डबा घेऊन, दोन गीतं म्हणून, प्रार्थना करून खाली. काही आठवड्यांनी खोलीत वास यायला लागला. मावशी पायांवर चादर ओढून बसलेल्या. मी शहाणी, म्हटलं मोरी तुंबलीय. नळवाल्याला धाडलं. तो म्हणाला, "बाई, मोरी लख्ख आहे. वास दुसरीकडून येतोय." मी त्यालाच कामचुकार ठरवलं.

मावशी तापाने फणफणल्या तेव्हा कुठे इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्यावर उखडल्याच. "जखम भरत आली होती की. आधी पट्टी कोण बदलायचं? आणि मधेच सोडून का दिलं?" मी म्हटलं, दवाखान्यातली नर्स येत असेल. मावशी डोळे मिटूनच बोलल्या, "तुझा भाऊ. रोज संध्याकाळी. तुम्ही सगळी खाली प्रार्थनेला बसलात की यायचा. कुणाला सांगू नका म्हणाला होता."



रोज बरोबर प्रार्थनेच्या वेळी तू गायब. म्हणून तर पाळकसाहेब जेवायला होते तेव्हा, त्यांच्यादेखत, मी म्हटलं, "ज्याला देवासाठी अर्धा तास नाही, त्याने या घरात राहू नये." तू खाली मान घालून जेवलास आणि सकाळी बॅग उचललीस. एका शब्दाने का बोलला नाहीस रे? चांगलं केलं की त्याची दवंडी पिटायची नाही, ही बाबांची शिकवण, माहीत आहे मला. पण माझ्यापाशीसुद्धा?

आता पट्टी मी बदलते. पहिल्या दिवशी मोरीत जाऊन ओकले. किळस मला आली, गुंड्या.

आणि मावशींना वाटत होतं, ती तुला आली. तुझा निरोप मी दिलाच नव्हता. "नोकरीसाठी गेला" एवढंच सांगितलं, आणि त्यांना ते खोटं वाटलं. म्हणून लाजेने पाय झाकून बसल्या, कुणाला दाखवला नाही. रोज संध्याकाळी पट्टी झाली की हात जोडायच्या, "प्रभू, त्या पोराला माझ्या पायाची किळस आली, त्याला क्षमा कर. त्याला ते मनाला लावून घेऊ देऊ नकोस." आणि मी, तुझी सख्खी बहीण, शेजारी बसून आमेन म्हणायचे. रोज.

काल आमेन म्हटलं नाही. त्यांनी डोळे उघडून बघितलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. पाळकसाहेबांपुढे काय बोलले, तुझा निरोप कसा गिळला, सगळं. वाटलं, हाकलतील. हाकलायलाच हवं होतं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याला किळस आली नव्हती?"

"नाही मावशी."

"नक्की?"

"नक्की."

मग इतक्या रडल्या, इतक्या रडल्या! पाय गेला तेव्हा डोळ्यात टिपूस नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं रे, आणि ते मी इतके दिवस स्वतःजवळ दाबून ठेवलं होतं, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. मी तुझी माफी मागते. द्यायलाच हवीस असं नाही.

तू येशील का, असं त्यांनी विचारलंय. मी उत्तर दिलं नाही. तुझ्या वतीने मी आधीच नको तितकं बोललेय.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच,
ताई