नऊ रुपयांचा कापूस

मु. जांभुळटोला, ता. कुरखेडा
८ जुलै १९८५

चि. कुंतास आजी गिरजाबाईचा स. जयभीम व अ. आ.

इथी सारे बरे. तुझी माय वच्छला रोज धानाच्या रोवणीले जाते. मी घरी बसून कोंबड्याईवर हुकूम चालवतो. कोंबड्या ऐकत नाई.

पत्राचं कारण का तुझ्या वसतिगृहाच्या मेट्रनबाईचं कार्ड आलं. लच्छू पोस्टमननं ते चावडीपुढं मोठ्यानं वाचलं, काऊन का कार्ड उघडं असते अन् लच्छूचं तोंडही. त्यात लिहून आहे का कुंता दर महिन्याले चार दिवस वार्डात येत नाई. ताप आहे म्हणते, पण थर्मामीटरात ताप दिसत नाई. असंच चाललं तं नर्सिंगच्या परीक्षेले बसू देणार नाई, नाव कापीन. आता अर्धं गाव म्हणते का तू सिनेमे पाहून राह्यली, अन् अर्धं म्हणते कोणी पोरगा आहे. मी दोन्हीकडं भांडून आली, पण खरं सांगतो, मनात मलेही पोरगाच वाटते.

दर वेळी आपलं पत्र शेजारचा दादाजी लिहून देते. हे त्याले सांगाची सोय नाई, म्हणून मीच लिहून राह्यली. प्रौढ वर्गात मी दुसऱ्या पुस्तकापर्यंत गेली, तिथी वर्गच बंद पडला. एवढ्याले तीन दिवस लागले. खरं काय ते लिहिजो. पोरगा असन तं त्याचं नाव लिही. थोडक्यात लिही, वाचताना डोळे दुखते.

माया आहे तेवढी ठेवजो,
तुझी आजी


चंद्रपूर
१५ जुलै १९८५

ती. आजीस कुंताचा स. जयभीम. वि. वि.

पोरगा नाही, आजी. सिनेमाही नाही. पाळी आहे.

इथे आम्ही बावीस मुली, न्हाणीघरं दोन. फडकी धुता येतात, वाळवता येत नाहीत. गच्चीवर दोरी बांधायची नाही असा मेट्रनबाईंचा नियम आहे, कारण समोर पुरुषांचा वार्ड. म्हणून आम्ही ती पेटीमागे टाकतो. या पावसात तिसऱ्या दिवशीही फडकं ओलंच असतं. ओलं बांधून आठ तास उभं राहिलं की मांड्या सोलून निघतात. या उन्हाळ्यात डॉक्टरसाहेबांच्या राउंडच्या वेळी माझ्या पांढऱ्या साडीला डाग पडला. साहेबांनी दिसलंच नाही असं दाखवलं. त्यानेच जास्त मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ते चार दिवस मी खोलीतच पडून असते.

ज्यांच्या घरून पैसे येतात त्या मुली मेडिकलमधून पॅडचं पाकीट आणतात. दहा पॅड, नऊ रुपये, वापरून फेकून द्यायचे. मला स्टायपेंड मिळतो तो मेसला जातो. उरतात त्यात साबण आणि तुला हे अंतर्देशीय. मायला सांगू नको. ती दिवसभर चिखलात वाकून सहा रुपये आणते. तिची दीड दिवसाची कंबर मी वापरून फेकू कशी?

वाटतं, परत यावं. रोवणी मलाही येते. तू सांगशील तसं करीन.

तुझा राग सोसेन, अबोला नको,
कुंता


जांभुळटोला
२६ जुलै १९८५

चि. कुंतास अ. आ.

तुझं पत्र वाचून पहिले हासू आलं, मंग राग आला, मंग कळलं का राग माझाच आला. पोरगा असता तं बरं होतं, त्याले दोन शिव्या घालून मोकळी झाली असती.

बाजाराच्या दिवशी कुरखेड्याले गेली. गावात मले सारे फाटक्या तोंडाची म्हणते. मेडिकलात घनश्याम शेठ बसून होता. काय पाह्यजे बाई, म्हणे. मांगं दोन माणसं उभे होते, तं मी बाम मागितला. ते गेले, तिसरा आला. मी खोकल्याचं औषध मागितलं. चौथा आला, खरजेचा मलम. मले ना डोकेदुखी, ना खोकला, ना खरूज. शेवटी शेठच म्हणे का बाई, तुमच्या अंगात आजार तरी किती. तवा मी फळीकडं बोट दाखवलं. त्यानं पाकीट पेपरात गुंडाळलं, सुतळी बांधली अन् चोरीचा माल द्यावा तसं हळूच सरकवलं. मीही तसंच पदराखाली धरून पळाली. पाकिटाचे नऊ अन् लाजेचे अकरा, असे वीस रुपये गेले.

घरी उघडून पाह्यलं. आत कापूस, वरतून जाळी. वापरून फेकाचं, हे मले पटेच ना. आपल्या घरी लुगडं फाटलं का गोधडी होते अन् गोधडी फाटली का पोतेरं. म्हणून म्हटलं एक धुऊन पाहू, किती दिवस चालते. बोडीच्या तळ्यावर नेला, राख लावली अन् दगडावर आपटला. पहिल्याच आपटीत जाळी एकीकडं गेली, कापूस एकीकडं. बोडीभर पांढरे गोळे तरंगाले लागले. सोमारी ढिवरीण तिथी जाळं धूत होती. म्हणे, गिरजाबाई, बगळा सोलून राह्यली का. मंग तिले सारं सांगावं लागलं. लई हासली. मंग जाळं खाली ठेवलं. म्हणे माझीही लेक चार दिवस शाळेत जात नाई, मास्तरले आम्ही पोटदुखी सांगतो.

बाकीचे नऊ पॅड या पार्सलात आहे, धुवू नको. दर महिन्याले मात्र जमणार नाई. अठरा महिन्याच्या ट्रेनिंगले अठरा पाकिटं म्हणजे आपली बकरी अन् तिचे दोन्ही पिल्लं. बकरीले विचारलं, ती तयार नाई. म्हणून माझं हिरवं सुती लुगडं फाडून बारा घड्या शिवल्या, त्याही आहे. हळहळू नको, त्या लुगड्यात मी दुधीभोपळ्यासारखी दिसत होती.

पण गोष्ट फडक्याची नाई, उन्हाची आहे. अन् तुले फडक्याले ऊन दाखव म्हणाले मले तोंड नाई. छप्पन साली मी घरचे सारे देव टोपलीत भरले अन् भर दिवसा बोडीत सोडले, लोकं पाहत राह्यले. अन् त्याच दिवशी घरी येऊन फडकं छपराखाली खोचलं. बुढ्यादेवाले नाई भ्याली, शेजाऱ्याले भ्याली. पस्तीस वर्सं मी अंधारात फडके वाळवले. एकदा त्यातून विंचू निघाला. लोकाईले सांगितलं पायाले डसला.

परवा या बारा घड्या धुतल्या अन् आंगणात तारेवर टाकल्या. दादाजी भाऊ तोंड फिरवून चालला तं सरळ कुंपणात गेला. बाकी आभाळ जागच्या जागी आहे.

जेवत जाय,
तुझी आजी


चंद्रपूर
५ ऑगस्ट १९८५

ती. आजीस स. जयभीम. वि. वि.

पार्सल मिळालं. नऊ पॅडवर या वेळचे चार दिवस निघाले. एकही दिवस वार्ड चुकला नाही. इतकं हलकं वाटलं की दुसऱ्याच दिवशी वाईट वाटलं, कारण पाकीट संपलं.

तुझ्या घड्या चांगल्या आहेत, पण वाळवायच्या कुठे? मेट्रनबाईंना धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, गच्ची नाही म्हणजे नाही. आणि मागचे चौदा दिवस बुडालेत ते आहेतच. पंधरा ऑगस्टनंतर वर कळवणार आहेत. नाव कापून घरी जाण्यापेक्षा आपणहून आलेलं बरं. पेटी भरून ठेवली आहे.

तू मात्र इकडे येऊ नको. दोन बस बदलाव्या लागतात, तुला झेपणार नाही.

तुझी कुंता


जांभुळटोला
१० ऑगस्ट १९८५

कुंता,

येऊ नको म्हटलं म्हणून येऊन राह्यली. पेटी उघड.

आजी


चंद्रपूर
२१ ऑगस्ट १९८५

ती. आजीस स. जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचलीस हे कळलं. तू आलीस तेव्हा मी वार्डात होते. खाली आले तर तू फाटकाशी चप्पल हातात घेऊन बसलेली. मेट्रनबाईंना काय म्हणालीस विचारलं, तर झिंगे दिले एवढंच सांगितलंस आणि बसला उशीर होतो म्हणून निघालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर तार बांधलेली होती. अकरा ते दोन वाळवायला परवानगी. बुडालेल्या दिवसांसाठी मी चौदा रविवार ड्युटी करायची. कबूल असेल तर महिनाअखेरपर्यंत कागदावर सही द्यायची, मग नाव राहील. नाही दिली तर मी मोकळी.

पण आजी, त्या तारेवर फक्त माझ्याच घड्या असतात. बाकीच्या एकवीस मुलींपैकी कोणी आपलं फडकं टाकत नाही. हिरव्या घड्या समोरच्या वार्डातून दिसतात. पंधरा ऑगस्ट नुकताच झाला, म्हणून मुली मला झेंडेवाली म्हणतात. पाळी यायची आहे म्हणून घड्या आधीच धुऊन टाकल्या होत्या; काल अर्ध्या ओल्याच काढून आणल्या आणि परत पेटीमागे टाकल्या. सही अजून केली नाही. चौदा रविवारांची भीती नाही. त्या तारेची आहे.

खरं सांग, बाईंना काय म्हणालीस?

उत्तराची वाट पाहते,
कुंता


जांभुळटोला
२६ ऑगस्ट १९८५

चि. कुंतास स. जयभीम व अ. आ.

खरं सांगतो. वडसा ते मूल गावापर्यंत मी बसमध्ये भाषण पाठ केलं. लई कडक भाषण होतं. मेट्रनबाईपुढं उभी राह्यली अन् सारं साफ. कुंकू पुसावं तसं पुसून गेलं. काहीतरी करावं म्हणून पिशवीतले वाळले झिंगे काढून टेबलावर ठेवले. त्याचा वास बसमध्येच साऱ्याईले पुरला होता. बाई नाकाले रुमाल लावून खिडकीशी गेल्या अन् खिडकी उघडली. खिडकीतून समोरचा वार्ड दिसे. एक पोरगी कोणाचं तरी भांडं झाकून नेत होती. तवा मले शब्द सापडला. म्हटलं, "बाई, ज्या माणसाईचं हगणं-मुतणं या पोरी रोज उचलते, त्याईले पोरीईच्या धुतल्या फडक्याची लाज वाटन का?"

मले वाटलं आता धक्के मारून काढते. पण त्याईनं सांगितलं का त्या स्वतःचे फडके वीस वर्सांपासून गादीखाली वाळवते. झिंगे त्याईनं ठेवून घेतले. एवढंच झालं. यात मी लढाई जिंकली असं गावात सांगून राह्यली, ते तू खोटं पाडू नको.

आता जे सांगाचं ते. तुझी माय सातवीत होती तवा तिले शाळेतच पाळी आली. परकर खराब झाला, रडत घरी आली. मी तिले फडकं दिलं, छपराखालची जागा दाखवली अन् तिचं दप्तर खुंटीले टांगलं. मास्तर दोनदा घरी आले, मी दोनदा पिटाळले. लोकाईले सांगितलं का पोरीचं डोकं चालत नाई, शिकून काय करन. हे खोटं होतं. डोकं माझं चाललं नाई. तिले एक फडकं वाळवाची जागा देता आली असती तं ती आज चिखलात वाकून नसती. तुझं पहिलं पत्र वाचून मले माझाच राग आला, तो याचा.

काल तुझं पत्र तिले वाचून दाखवलं, अन् माझं हेही बोलून टाकलं. ती तांदूळ निवडून राह्यली होती. खडे निवडतच राह्यली. मले वाटलं ऐकलंच नाई. मंग सूप खाली ठेवून म्हणे, "माय, मले सातवीत गणितात पहिला नंबर होता."

चोवीस वर्सं झाली, मी कधी विचारलंच नाई का नंबर कितवा होता. फाटक्या तोंडाची म्हणते लोकं मले.

तू काय करावं ते मी सांगत नाई. माझ्या सांगण्यानं एकीचं काय झालं ते वरतं लिहिलं. खाली जागा उरली आहे, ती तुझ्या मायले देतो. तिनं पेन धरून पाह्यलं, हात अजून वळण विसरला नाई.

चुकलं ते पोटात घालजो,
तुझी आजी गिरजाबाई

कुंता, सही कर. तारेवर एकटीच्या असल्या तरी पूर्ण वाळू दे.
माय