अप्पांच्या कमरेचा करदोडा

अव्वा, अप्पा आत्ता कुटं झोपल्यात. मी दारापाशी बसून लिवतेय, पण एका जागी बसवत न्हाय. दोन ओळी झाल्या की उठते, खाटंजवळ वाकून पिशवी बघते, परत येते. पिवळं पाणी वाढतंय का, एवढंच बघायचं असतंय. तू मला आईविना करून गेलीस तवा मी दुसरीत होते, म्हणून तुला पहिल्यापासनं सांगायला पायजे.

अप्पांना मुतखडा झाला. मागावर दिवसभर उकाड्यात उभारायचं आणि पाणी प्यायचं न्हाय, हे तुझ्या वेळेपासनंच हाय. या वेळी खडा मधीच अडकला. लघवी खाली उतरंना, एका बाजूची किडनी फुगली, थंडी वाजून ताप भरला. डॉक्टर म्हणले, खडा नंतर काढू, आधी तुंबलेलं बाहेर यायला पायजे. मग पालथं झोपवून, तेवढी जागा बधिर करून, पाठीच्या कातडीतनं थेट किडनीत बारीक नळी घातली. नळीच्या टोकाला पिशवी. सिस्टर मला म्हणल्या, "पिशवी कायम खाली ठेवायची. नळी कुटं दबू द्यायची न्हाय. येणं थांबलं, नायतर थंडी-ताप आला, की सरळ हितं यायचं. कळलं का? तोंडानं बोल की." मी मान हालवली.

मला बोलायला जमत न्हाय, अव्वा. शाळेत 'हजर' म्हणायच्या जागी नुसता हात वर करायचे. नववीत शाळा सोडली ती त्याच्यापायीच. लोकांना आमी सांगतो, घरात करायला कोण न्हाय म्हणून. आता घरी बसून गणवेशाचे सुटलेले दोरे कापते. त्याला बोलावं लागत न्हाय.

घरी आल्यावर अप्पा शेजारच्या मावशीला म्हणले, "गावात नळाला चार दिसाला पाणी, आमच्या नळाला चोवीस तास." मावशी म्हणली, "मग टाकी बांधा की, भावजी." सगळे हसलो. पण हसताना अप्पांचा हात रिकाम्या कमरेवरच फिरत होता. नळी घालायच्या आधी वॉर्डबॉयनं त्यांचा करदोडा कापून टाकला होता.

तू वळलेला करदोडा. मला ते दिसतंय अजून. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलीयस. कारखान्यातला काळा धागा, एक टोक माझ्या मुठीत, दुसरं तू मांडीवर वळतीयस. कुकरची शिट्टी होतीया, मी तिकडं बघते आणि टोक सुटतंय. सगळा पीळ गुरगुटून माझ्या पायाशी येतोय. "बिडब्याड म्हणलं की न्हाय तुला? सोडू नको. एकीनं सोडलं की दोघींचं काम जातंय." तू माझ्यावर चिडलेली मला तेवढीच ध्यानात हाय. असे कितीतरी वळून तू बिस्किटाच्या डब्यात ठेवलेस. दर वर्षी संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत, अप्पा त्यातला एक काढायचे. आधी नवा बांधायचा, मगच जुना सोडायचा. कंबर मोकळी ठेवायची न्हाय. आपल्यात मयताच्याच कमरेचा करदोडा तोडत्यात की.

परवा पिशवी सकाळपासनं रिकामीच. "अप्पा, ह्यात काय न्हाय." "पाणी कमी प्यालो आसंल." दुपारी बघितलं तर तसंच. कूस दाबून पडले होते. दुखतंय का विचारलं तर न्हाय म्हणले, आणि न्हाय म्हणताना दात वाजत होते. मी मावशीच्या दारात जाऊन उभारले.

"खांबासारखी उभारणार, का बोलणार?"

सांगितलं.

"मग सदरा वर करून बघ की नळी."

"तुमी बघा."

"मी? जीव गेला तरी मला दाखवणार न्हाईत ते. तुझा बाप हाय, परका हाय का?"

तोवर मी फक्त पिशवी रिकामी करायचे. तेवढ्यालाबी अप्पा भिंतीकडं तोंड करायचे, मी जमिनीकडं. त्या दिवशी मावशी येऊन दारात थांबली, आणि मी सदरा वर केला. कमरेला नवा करदोडा, तुझ्या डब्यातला, नळीवरनंच घट्ट बांधलेला. नळी चपटी झालेली.

"हे कवा बांधलं?"

"सकाळी. मोकळ्या कमरेनं झोप लागंना, पोरी."

नखानं सोडवायला गेले. गाठ मागावरची, तुटलेला धागा जोडायची असती तसली. ती सुटतीया व्हय? मी दोरे कापायची कातर आणली, तसं त्यांनी माझं मनगट धरलं. हात चटका बसावा एवढा तापला होता.

"तोडू नको. तुझ्या आईच्या हातचा शेवटचा हाय."

"गाठ सुटंना अप्पा."

"मग राहू दे."

"न्हाय राहू देणार," म्हणले मी. दारातली मावशी दचकली एवढा आवाज निघाला. आणि कापला. आधी काहीच आलं न्हाय. मी कातर तशीच धरून बसले. मग नळीतनं गढूळ पाणी सरकलं, थांबलं, आणि धार लागली. आमी दोघं पिशवीकडंच बघत होतो. मावशीनं रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांना सगळं मीच सांगितलं, करदोड्याचंबी. त्यांनी नळी धुतली, इंजेक्शनं दिली, आज सकाळी घरी सोडलं. सिस्टर म्हणल्या, अजून थांबली असतीस तर पू रक्तात भिनला असता.

थांब, बघून येते.

वाढलंय थोडं.

अप्पांनी तो विषय काढला न्हाय. झोपेतबी हात कमरेवर जातोय, आणि परत खाली पडतोय. दुपारी त्यांचा जरा डोळा लागल्यावर मी काळा धागा घेऊन वळायला बसले. दुसरं टोक धरायला कोण न्हाय, म्हणून दाराच्या कडीला बांधलं. तुझ्यासारखा पीळ बसला न्हाय, मधी मधी ढिला राहिलाय. तसाच तुझ्या डब्यात ठेवलाय. नळी निघाली की सांगणार हाय, तळाला एक राहिला होता म्हणून. ते मागावरचे माणूस, बोटात धरला की ओळखतील. म्हणून डबा त्यांच्यापुढं ठेवून मी मावशीकडं जाऊन बसणार हाय. बांधला का न्हाय, ते तिलाच बघून यायला सांगीन.