रूळ आणि नावाची पाटी

३ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. टेकडीवरच्या बंद पडलेल्या खाणीतून पाटीचा दगड खाली आणणाऱ्या ट्रामचा शोध मीच लावणार. खाण सगळ्यांना माहीत आहे, पण ट्रामचा एकही रूळ उरलेला नाही. जो अस्सल रूळ दाखवेल त्याचं नाव त्याच दगडाच्या पाटीवर कोरायचं, असा आमच्या इतिहास मंडळाचा ठराव आहे. सेक्रेटरी माझा मेहुणा. असो.

नोकरीत टेबलावर नावाची पाटी कधी मिळाली नाही. दारावर अजून कैलासवासी सासऱ्यांची आहे, कारण घर त्यांचं. एकदा तरी माझी लागायला हवी. फार वाटतं.

बायको म्हणते, परसातला कपड्यांच्या दोरीचा खांब गंजलाय, रंग द्या. माणूस कुठल्या कामाला निघालाय आणि हिचं काय.

७ फेब्रुवारी
पहाटे निघणार होतो. उजेड नीट असावा म्हणून अकराला निघालो. खाणीत छप्पर उडालेली शेड, दोरखंड गुंडाळायचं गंजकं चाक आणि पाटीच्या तुकड्यांचे ढीग. एका ढिगावर चढलो. ढीग माझ्यासकट खाली आला. पँट गेली. रूळ नाही.

१२ फेब्रुवारी, दुपार
रूळ सापडला! झुडपात, अर्धा पुरलेला. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, भावोजी, ती पाण्याची पाइपलाइन आहे. जळतो माझ्यावर. खात्रीसाठी पहारीनं ठोकून पाहिलं.

संध्याकाळ
खालच्या गल्लीचं पाणी बंद आहे. कोणी केलं ते अजून कळलेलं नाही.

२० फेब्रुवारी
बायकोनं खांबासाठी रंगाचा डबा आणला. ट्रामची वाट मी अंदाजानं पक्की केली आहे, तिच्यावर बाण काढण्यात तो संपला. खांब काय पळून जातोय? रविवारी मंडळाला घेऊन जाणार.

रविवार
बाण बरोबर होते, तळं मध्ये आलं. मेहुणा गुडघाभर पाण्यात. घर जवळ म्हणून सगळे चहाला आमच्याकडे आले. मेहुण्यानं ओले मोजे परसात दोरीवर टाकले आणि खांबाकडे बघत राहिला. किल्लीनं गंज खरवडला, टेप मागितली. मग म्हणाला, हा ट्रामचा रूळ आहे, बाबांनीच आणून पुरला असणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको 'काखेत कळसा' एवढंच म्हणाली आणि चहा गाळायला गेली.

१५ मार्च
पाटी लागली. खांबावरच. नाव सासऱ्यांचं. वडिलांचं नाव वाचताना मेहुण्यानं डोळे पुसले. मीही, पण कारण वेगळं. आता घराला सासऱ्यांच्या दोन पाट्या.

मंडळाचा नवा ठराव: रूळ ऐतिहासिक असल्यानं त्याला रंग लावायचा नाही. म्हणजे मी टाळलं तेच योग्य होतं. बायकोला हे सांगितलं. तिनं माझे बनियन पाटीवरच वाळत घातलेत.